हजेरीपटावरच्या सह्या

फाईल उघडली आणि पहिल्यांदा समोर आला तो एक हजेरीपट. स्कॅन करताना कागद थोडा तिरका ठेवला गेला असावा. अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, रेडिओ केंद्र, हुद्दा, स्त्री की पुरुष, मोबाईल नंबर आणि शेवटी सही, असे आठ रकाने. खाली तीन दिवसांच्या तीन तारखा आणि सोबत एक फोटो. भिंतीवर मदत देणाऱ्या देशाचा फलक, त्याखाली बावीस माणसं, पुढच्या रांगेत चार बायका. डिसेंबर 2020 होता. मी फोंड्याला घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून अफगाणिस्तानातल्या बावीस पत्रकारांचे फोन नंबर वाचत होते.

हे काम माझ्याकडे आलं कोविडमुळे. युरोपातल्या एका देशाने तीन वर्षं अफगाणिस्तानातल्या बारा छोट्या एफएम केंद्रांना मदत केली होती आणि त्या मदतीचं मूल्यमापन करायचं होतं. एरवी यासाठी पथक काबूलला जातं, तिथून जमेल तेवढ्या प्रांतांत फिरतं. त्या वर्षी कुणालाच कुठे जाता येईना. म्हणून ज्याला बातमीदारीतलं कळतं आणि जो फोनवर हिंदी-उर्दूत बोलू शकतो, असा माणूस ते शोधत होते. अफगाणिस्तानातल्या बऱ्याच जणांचं लहानपण पेशावरच्या निर्वासित छावण्यांत गेलेलं, त्यामुळे उर्दू त्यांना येते. पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी एकोणीस वर्षं वृत्तविभागात काढली होती, नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं. एका जुन्या मित्राने माझं नाव सुचवलं.

करारावर सही करण्याआधी मडगावला सीएंकडे गेले. मनात एक धास्ती होती. परकीय अंशदानाचा 2010 चा कायदा आम्हां वर्तमानपत्रवाल्यांना चांगला माहीत असतो. त्याच्या कलम 3 नुसार वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक यांतल्या कुणालाच परकीय देणगी घेता येत नाही. 1976 चा जुना कायदाही हेच सांगत होता. सीएंनी मला शांतपणे समजावलं. "बाय, ही देणगी न्हय, कामाची फी. केलेल्या कामाचा मोबदला त्या कायद्यात येत नाही. तरी करारात काम नीट लिहून घ्या. बँक पर्पज कोड विचारील, म्हणजे पैसा कशापोटी आला त्याचा क्रमांक, तो मी देतो."

परत येताना बसमध्ये मी विचार करत होते. आपल्याकडे जो पैसा वर्तमानपत्राला वर्ज्य आहे, त्याच पैशावर तिकडची बातमी जगते आहे. पण आपली गोव्यातली वर्तमानपत्रं तरी कुणाच्या पैशावर उभी राहिली? 'गोमन्तक' 1962 मध्ये निघाला तो खाणमालक चौगुल्यांच्या भांडवलावर, 'नवहिंद टाइम्स' 1963 मध्ये धेंप्यांच्या. खाणीचा पैसा नसता तर मुक्तीनंतरची आमची पत्रकारिता इतक्या लवकर उभी राहिली नसती, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पैसा कुणाचा ना कुणाचा लागतोच. तो किती वर्षं टिकतो आणि बदल्यात काय मागतो, हे बघायचं असतं. पुढचे आठ महिने मी दुसरं काही बघितलं नाही.

पहिला महिना वाचनात गेला. मदतीच्या जगाची भाषा वेगळी असते, ती शिकावी लागली. कुठल्याही प्रकल्पाला एक लॉगफ्रेम असते, म्हणजे एक मोठा तक्ता. काय करणार, त्यातून काय निघणार आणि ते निघालं हे कशावरून ओळखणार, हे सगळं त्यात आधीच भरायचं. मूल्यमापन करायचं सहा कसोट्यांवर: मदत गरजेला धरून होती का, इतर कामांशी तिचा मेळ होता का, ठरलेलं साधलं का, खर्चाच्या मानाने साधलं का, त्यातून खरोखर काही बदललं का, आणि शेवटची कसोटी टिकावाची. पैसा थांबल्यावर काम चालू राहील का? सगळ्या वाचनात हा एक शब्द मला सारखा आडवा येत होता.

तुलनेसाठी जुने अनुभवही वाचले. बोस्नियात युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन करारानंतर पश्चिमी देशांनी ओबीएन नावाचं दूरचित्रवाणीचं जाळं उभं केलं. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक या तिघांनाही एकच बातमी दिसावी, हा हेतू. लाखो डॉलर त्यात गेले, पण स्वतःच्या पायावर ते उभं राहिलं नाही. काँगोत 2002 मध्ये रेडिओ ओकापी सुरू झाला, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आणि स्वित्झर्लंडची फाँदासियों इरोंदेल यांच्या भागीदारीतून. फ्रेंचसह पाच भाषांत तो बोलतो आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. याला कारण आहे. पैसा देणारे तिथे वर्षानुवर्षं थांबले, आणि रोजच्या बातमीचा रोजचा खर्च उचलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हा माझा निष्कर्ष, आणि पुढे अहवालातही मी तो लिहिला.

अफगाणिस्तानात तालिबानच्या पहिल्या राजवटीत, 1996 ते 2001, दूरचित्रवाणीवर बंदी होती आणि रेडिओ एकच होता, रेडिओ शरियत. तिथून पुढच्या वीस वर्षांत 2003 मध्ये अरमान एफएम, 2004 मध्ये टोलो टीव्ही आणि पझवॉक वृत्तसंस्था, आणि मग प्रांताप्रांतांत शेकडो छोटी केंद्रं. या सगळ्यामागे बाहेरचा पैसा होता, पण रोज जीव धोक्यात घालून बातमी देणारी माणसं तिथलीच होती. कागद वाचताना हे विसरायला होतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मुलाखती जानेवारीत सुरू झाल्या, सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर. नेटवर्क असेल तेव्हा. माझी आई दुपारी माजघरात बसून ऐकायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "कोण गो तो? बरो उलयता." जो छान बोलत होता, तो पूर्वेकडच्या एका प्रांतातल्या केंद्राचा व्यवस्थापक. मला तो 'बाजी' म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण. त्याच्या बोलण्यात तक्रार नसायची, हिशेब असायचा.

"बाजी, ट्रान्समीटर मिला। मिक्सर मिला, माइक मिले। डीज़ल नहीं मिला।"

हे समजायला मला तीन फोन लागले. मदतीच्या नियमांत एकदाचा खर्च आणि आवर्ती खर्च असे दोन कप्पे होते. यंत्रं हा एकदाचा खर्च, तो शंभर टक्के मंजूर. डिझेल, भाडं, पगार हे आवर्ती, म्हणून पहिल्या वर्षी सत्तर टक्के, दुसऱ्या वर्षी चाळीस, तिसऱ्या वर्षी काही नाही. केंद्राने हळूहळू स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्यामागचा विचार. टिकावाची कसोटी. पण ज्या गावातल्या बाजारात दुकानं दुपारी तीनला बंद होतात, जिथे दुकानदार रेडिओला जाहिरात देताना संध्याकाळी कोण येऊन विचारेल याला घाबरतो, तिथे ही टक्केवारी कुठून भरून काढायची? दोन वर्षांत सौर पॅनेलच्या बॅटऱ्या मेल्या. नव्या बॅटऱ्या 'देखभाल' या सदरात येत होत्या आणि त्या सदरात पैसेच ठेवलेले नव्हते.

कार्यशाळांना मात्र भरपूर पैसा होता. निवडणूक वार्तांकन, शांतता पत्रकारिता, मोबाईलवर चित्रण, लिंगभाव. त्या व्यवस्थापकाचा एक वार्ताहर तीन वर्षांत अकरा कार्यशाळांना जाऊन आला होता. तो गेला की तीन-चार दिवस संध्याकाळचं बातमीपत्र अर्धं व्हायचं, कारण केंद्रात बातमीदार दोनच. प्रशिक्षण वाईट होतं असं कुणी म्हणालं नाही. दुखापत झालेल्याला रक्त कसं थांबवायचं हे एका कार्यशाळेत शिकवलं होतं, त्याचा उपयोग झाला असं दोघांनी सांगितलं. पण इतक्या कार्यशाळा का, याचं उत्तर लॉगफ्रेममध्ये होतं. 'किती पत्रकारांना प्रशिक्षण दिलं' हे मोजता येतं. हजेरीपट जोडला, फोटो जोडला की पुरावा झाला. संध्याकाळी सहाच्या बातम्या तीनशे पासष्टपैकी किती दिवस लागल्या, यासाठी मात्र कुठेच रकाना नव्हता.

2 मार्च 2021 ला जलालाबादमध्ये एनिकास या वाहिनीत काम करणाऱ्या तीन तरुण मुलींना कामावरून घरी जाताना गोळ्या घातल्या. परदेशी मालिकांना त्या आपला आवाज द्यायच्या. त्याच वाहिनीच्या मलालाई मैवंद यांना आधीच्या डिसेंबरात मारलं होतं. त्या आठवड्यात माझ्या यादीत एका वृत्तनिवेदिकेची मुलाखत होती. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती बोलली, पण रेकॉर्डिंग करू नका म्हणाली. माझ्या वहीत तिचं नाव नव्हतं, क्रमांक 14 एवढंच लिहिलं होतं.

तिने बातम्या कशा लिहितात ते सांगितलं, एका शब्दावरून कसं भांडण झालं ते सांगितलं. चकमकीत मेलेल्या माणसाला काय म्हणायचं, 'शहीद' की 'मारला गेलेला'? सरकारचे लोक पहिल्या शब्दासाठी फोन करतात, तालिबानचे लोक त्यांच्या माणसांसाठी तोच शब्द मागतात. ती दोन्हीकडे 'जान गमावली' असं वाचायची. एकोणीस वर्षांच्या वृत्तविभागात मी शेकडो शब्दांवर वाद घातले, पण त्या वादात माझा जीव पणाला लागलेला नव्हता.

मग तिने मला विचारलं, "बाजी, आपके पास मेरी दस्तख़त है ना? काग़ज़ पर? वो निकल सकती है?"

मी फाईल उघडली. सही होती. चार हजेरीपटांवर, आणि प्रत्येकावर नाव, वडिलांचं नाव, मोबाईल नंबर. दोन फोटोंत पुढच्या रांगेत ती असणार, चौघींतली कोणती ते मला कळलं नाही. हे कागद केंद्राकडून काबूलच्या कार्यालयात, तिथून युरोपात, तिथून माझ्याकडे आलेले. वाटेत किती संगणकांवर त्यांच्या प्रती राहिल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या पथकप्रमुखांना मी लिहिलं. माणूस सज्जन, या क्षेत्रात पंचवीस वर्षं काढलेला. त्यांनी लगेच फोन केला आणि नियम सांगितला. हजेरीपट म्हणजे खर्चाचा पुरावा, लेखापरीक्षणासाठी तो काही वर्षं जपावाच लागतो. सही नसेल तर चहा-जेवणाचा, प्रवासाचा खर्च नामंजूर होतो आणि तो भुर्दंड बसतो स्थानिक संस्थेवर. "हे बरोबर नाही, मला कळतं," असंही म्हणाले. तरी सही निघाली नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

झोप न येण्याला अजून एक कारण होतं, ते आमच्या घरातलं. 1955 ते 1961 या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो पोर्तुगीज राजवटीविरुद्ध एक गुप्त रेडिओ चालवत होते. सुरुवातीला आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसलरॉकहून, कोकणी आणि पोर्तुगीजमधून. माझे बाबा तेव्हा तरुण. ते सांगायचे, आवाज इतका बारीक ठेवायचा की कान सेटला टेकवावा लागे, आणि एकाने दारात बसायचं. ऐकणारे किती होते याची यादी कुणी केली नाही, सह्या कुणी घेतल्या नाहीत. तशी यादी कुणी केली असती आणि ती पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, हाती पडली असती, तर बाबांचं काय झालं असतं?

16 मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. झाडं पडली, खांब पडले, फोंड्याला आमच्या वाड्यावर तीन दिवस वीज नव्हती. आधीच कोविडची दुसरी लाट, घराबाहेर पडायची चोरी. फोन गाडीत बसून चार्ज करायचा. अहवालाच्या मसुद्याची तारीख जवळ आलेली. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकाचाच फोन आला. "बाजी, बत्ती आयी?" त्याने कुठेतरी वादळाची बातमी ऐकली होती.

त्याच्याकडे त्या दिवसांत विजेचे मनोरे स्फोटाने पाडले जात होते. अफगाणिस्तानची बरीचशी वीज उत्तरेकडच्या देशांतून येते, मनोरा पडला की शहरंच्या शहरं अंधारात. त्याच्या केंद्राला दिवसाला चार तास वीज मिळत होती, तीही कधी येईल सांगता येत नव्हतं. जनरेटरला तासाला सुमारे दोन लिटर डिझेल लागे. म्हणून त्याने गाणी, नाटक, आरोग्याचा कार्यक्रम सगळं बंद केलं होतं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, फक्त बातम्या. "लोग समझ गये हैं। रेडिओ चला, मतलब ख़बर है।"

गाडीत बसल्या बसल्या मी हे वहीत उतरवून घेतलं, स्टिअरिंगवर वही टेकवून. मसुद्यातली सातवी शिफारस तिथेच लिहिली गेली. संघर्षग्रस्त भागातल्या केंद्रांना डिझेल, भाडं आणि पगार यासाठी किमान पाच वर्षं, न घटणारी मदत द्यावी. कार्यशाळांचा खर्च अर्ध्यावर आणावा. आठवी शिफारस होती हजेरीपटांची. नावं आणि सह्या स्थानिक पातळीवर, सांकेतिक क्रमांकांनी ठेवाव्यात, देणाऱ्या देशाकडे फक्त आकडे जावेत, फोटो घेऊच नयेत.

मसुद्यावर शेरे आले जूनअखेर. सातव्या शिफारशीपाशी लिहिलं होतं, पुरावा अपुरा, टिकावाच्या तत्त्वाशी विसंगत. मी बारा केंद्रांचा डिझेलचा हिशेब जोडून परत पाठवला. परकीय मदतीच्या एकूण पैशांत माध्यमांचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. त्या एवढ्याशा वाट्यातूनही भिंतीवरचा फलक निघावा आणि दिवा लागू नये, याचा मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

त्यानंतर अहवालाचं कुणाला भान राहिलं नाही. अमेरिकेने सैन्य काढून घ्यायचं एप्रिलमध्ये जाहीर केलं होतंच. जुलैत जिल्ह्यामागून जिल्हे पडत गेले. 16 जुलैला स्पिन बोल्दकला आपल्या देशाचा छायाचित्रकार दानिश सिद्दिकी मारला गेला. माझ्या यादीतले फोन एकेक करून बंद लागायला लागले. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात प्रांतांच्या राजधान्या पडल्या. 15 ऑगस्टला आमच्या वाड्यावर झेंडावंदन झालं, मुलं जिलेबी घेऊन घरी गेली, आणि दुपारी काबूल पडल्याची बातमी आली.

व्यवस्थापकाचा निरोप त्याच रात्री आला. लिहिलेला नव्हता, आवाजाचा होता, अकरा सेकंदांचा. "बाजी, हमारे जो भी काग़ज़ हैं आपके पास, जला दीजिए। आज ही।"

मदत संस्था त्या आठवड्यात आपापल्या संकेतस्थळांवरून अफगाण लोकांची नावं आणि फोटो उतरवत होत्या. मलाही फाईली पुसून टाकायची सूचना आली, तीन दिवसांनी. मी त्याच रात्री पुसल्या होत्या. उरल्या दोन वह्या. नावं नव्हती त्यांत, पण गावं होती, केंद्राची इमारत कुठल्या बाजारापाशी आहे ते होतं, कुणाचा भाऊ फौजेत आहे ते होतं. न्हाणीघरात आमच्याकडे अजून पाणी तापवायच्या भाणाखाली चूल पेटते. सकाळी आईच्या अंघोळीचं पाणी तापवायला लाकडं लावली आणि एकेक पान फाडून आत घातलं. पावसाळ्यातली वही, पानं दमट झालेली, नीट पेट घेईनात. आई दारात येऊन उभी राहिली. तिने काही विचारलं नाही, बाजूची सुकी करवंटी उचलून माझ्याकडे दिली.

त्यानंतर मला एक फॉर्म आला, सर्व कागदपत्रं नष्ट केल्याचं प्रमाणपत्र. त्यावर मी सही केली.

डिसेंबर 2021 मध्ये पत्रकारांसाठी काम करणाऱ्या रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने तिथल्या पत्रकार संघटनेसोबत केलेली पाहणी आली. उन्हाळ्यापर्यंत चालू असलेल्या 543 माध्यमांपैकी 231 बंद पडली होती. 6,400 हून अधिक लोकांची कामं गेली, आणि पाचांतल्या चार स्त्री-पत्रकार घरी बसल्या. आमच्या बारांतली पाच केंद्रं त्यात गेली. जी उरली त्यांच्यावर बायकांचा आवाज राहिला नाही. अंतिम अहवालाला देणाऱ्या देशाचं उत्तर आलं ते पुढच्या वसंतात. आठवी शिफारस पूर्ण स्वीकारली होती. सातवीपुढे 'अंशतः मान्य' लिहिलं होतं, पाच वर्षांची तीन झाली होती. त्या तीन वर्षांचा पैसा दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या केंद्रांना जाणार होता. जावो. तिथेही कुणीतरी संध्याकाळी सहाला जनरेटरची दोरी ओढत असेल.

व्यवस्थापक पेशावरला पोहोचला, ज्या शहरात तो लहानाचा मोठा झाला होता तिथेच परत. पुढे एका निर्वासित पत्रकारांच्या वृत्तसेवेत लागला. वर्षातून दोनदा, ईदला आणि आमच्या चवथीला, आमचा फोन होतो. चवथ म्हणजे गणपतीचा सण एवढं त्याला माहीत आहे, मोदकांबद्दल तो दर वेळी विचारतो.

20 जानेवारी 2025 ला अमेरिकेने आपली परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली. स्वतंत्र माध्यमांसाठी त्या वर्षी 26 कोटी 80 लाख डॉलर ठेवलेले होते, ते अडकले. आठवड्याभराने त्याचा फोन आला, ना ईद होती ना चवथ. त्यांच्या वृत्तसेवेचा मोठा हिस्सा त्याच पैशावर चालत होता. काम थांबवण्याचं पत्र एका ओळीचं होतं म्हणाला. नऊ जण होते, आता तिघं राहणार, तेही दोन महिने, कारण दोन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलेलं आहे. मी विचारलं, मग बातम्या? म्हणाला, दिवसाला दोन लावू. तिघांना तेवढ्या जमतात.

फोन ठेवण्याआधी मी क्रमांक 14 बद्दल विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"है। ठीक है। पढ़ाती है।"

कुठे, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.